इकतचं फूल

आमच्या न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला फांदीचा एक हातभर तुकडा टांगलेला आहे. घरी आलेला पाहुणा हातपाय धुवायला तिकडे गेला की एकदा तरी विचारतो, "हे वाळकं लाकूड कशाला टांगलंय, भाऊ? बंबात घाला की."

लाकडावर ज्या काड्या आहेत त्याही वाळक्याच दिसतात. करंगळीएवढ्या जाड, सुरकुतलेल्या, वर पांढुरक्या पापुद्र्याची साल. पावसाळ्यात त्यांना पानं असतात, दिवाळीच्या सुमारास ती पिवळी पडून गळतात आणि मग कित्येक महिने त्या लाकडावर हिरवं म्हणून काही दिसत नाही. जिवंत आहे की मेलं, हे मलाही सांगता येत नाही. आणि मग माघात कधीतरी त्याच मेल्यासारख्या काड्यांना पांढरी फुलं येतात. पान एकही नाही, नुसती फुलं.

आमरीची, म्हणजे ऑर्किडची, ही जात सह्याद्रीच्या रानातली. बाजारात ती मिळत नाही. मी मात्र माझ्या आईला सांगितलं होतं की ती मी विकत आणली. हे खोटं मी फार दिवस सांभाळलं आणि एक दिवस खरं सांगून टाकलं. लोक म्हणतात खरं सांगितल्याने मन हलकं होतं. होतं. पण कुणाचं, ते मी या लिहिण्यात सांगणार आहे.

माझं मंचरला ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे, घर निरगुडसरला. एका आषाढात आहुप्याच्या बाजूला पाण्याच्या योजनेचे पाइप पोचवायचे होते, म्हणून टेम्पोबरोबर मीही गेलो होतो. परतताना देवराईच्या कडेला टेम्पो थांबला. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने जांभळाची एक थोरली फांदी रस्त्यावर आली होती. कुणीतरी ती तोडून तुकडे बाजूला लोटले होते, वाट मोकळी केली होती. धुकं इतकं की राई दिसत नव्हती, नुसतं पाणी ठिबकल्याचा आवाज येत होता. त्या तुकड्यांपैकी एकावर ही काड्यांची जुडी होती. नवी, कोवळी पानं आलेली, मुळं सालीला घट्ट धरून बसलेली.

मला झाडांचा नाद आहे. मी तो तुकडा उचलला.

टेम्पोवाला म्हणाला, "भाऊ, ऱ्हाऊ द्या ते. राईतलं हाय."

"राई तिकडं राहिली. हे रस्त्यावर पडलंय. रस्ता सरकारचा."

"आन झाड कुनाचं?"

"झाड देवाचं. पण फांदी पडली म्हणजे देवानं सोडली ना?"

"वकील का नाय झाला राव तुमी? पाइप इकत बसलाय उगा." तो हसला, पण त्याने तो तुकडा केबिनमध्ये ठेवू दिला नाही. "मागं टाका. माझ्या शेजारी नको."

आमच्या डोंगरपट्ट्यात राईचा नियम लहान पोरालाही ठाऊक असतो. राईतलं काही घरी न्यायचं नाही. उभं झाड तर नाहीच, पण पडलेलं लाकूड, वाळकी काटकी, गळलेलं फूलही नाही. जे जिथे पडलं ते तिथेच कुजायचं. मलाही तो नियम ठाऊक होता. म्हणून तर मी रस्त्याचं कारण शोधलं.

घरी आलो तेव्हा आई पडवीत बसली होती.

"कुठलं रं हे?"

"नारायणगावच्या नर्सरीतलं."

"इकतचं?"

"हो. इकतचं."

आमच्या घरात हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. भाजीला चव नसली तर आई म्हणणार, "मसाला इकतचा दिसतोय." शेजारणीचे पापड इकतचे, कुणाच्या लग्नातले लाडू इकतचे. इकतचं म्हणजे ज्यात कुणाचा जीव नाही असं. त्या दिवशी तिने लाकडाच्या सालीवरून अंगठा फिरवला, मुळं बघितली आणि म्हणाली, "लाकूड बी त्यांनीच दिलं?"

"लाकडासकटच मिळतं ते."

तिने लाकूड माझ्या हातात परत दिलं.

खोटं का बोललो? तेव्हा वाटलं, कटकट नको. आईचं माहेर त्याच खोऱ्यातलं. ते गाव धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की माणसं जुनी जोती बघायला जातात, ती कधी गेली नाही. पण माहेरचे नियम तिने इकडे सपाटीला, ऊस-बटाट्याच्या गावात येऊनही पाळले. तिला खरं सांगितलं असतं तर तिने मला त्याच पावली परत पाठवलं असतं. तेवढ्यासाठी परत घाट चढायचा मला कंटाळा आला. इतकी साधी गोष्ट होती ती.

झाड जगवणं सोपं नव्हतं. वरच्या धुक्याची सवय असलेला जीव, आणि आमच्याकडे चैत्रात भिंत तापते. मी दुकानातला एक फॉगर आणून न्हाणीघराच्या नळीला जोडला. हरितगृहात बारीक तुषार सोडतात तो. आमच्या विहिरीचं पाणी खारट, त्याने मुळांची टोकं काळी पडायला लागली. मग पत्र्याचं पावसाचं पाणी पिंपात साठवलं. लाकडाची साल सुटायला लागली तेव्हा मासे धरायच्या तंगुसाने काड्या हलक्या हाताने बांधल्या. पहिल्या हिवाळ्यात पानं गळाली, मी घाबरलो, आणि घाबरून रोज पाणी घालत राहिलो. त्यात दोन काड्या कुजल्या. फोनवर झाडवेड्या लोकांचा एक गट आहे, तिथे फोटो टाकला तेव्हा एकाने लिहिलं: झोपलंय ते, झोपू द्या. दुसऱ्याने विचारलं, कुठून आणलं? मी तिथेही नर्सरीच लिहिलं. खोटं एकदा बोललं की तेच तोंडात बसतं.

सकाळी आई तिकडे उन्हाला बसायची. मी फॉगर सोडला की म्हणायची, "झालं का बांडगुळाचं न्हाऊन?"

"आई, हे बांडगूळ नाही. बांडगूळ झाडाचा रस पितं. हे नुसतं बसतं झाडावर. झाडाचं काही घेत नाही."

"घेत नाय?"

"नाही."

"मग भुईवर का जगत नाय?"

ती हसली. "नुसतं बसाया बी कुनीतरी लागतंय, बाळा. मी बसत्येच की तुमच्यावर."

आतून माझी बायको ओरडली, "आत्याबाई, सकाळी सकाळी मला रडवू नका. चहा गार होतोय."

पुढच्या माघात काड्यांना कळ्या आल्या. मी रोज सकाळी चष्मा लावून बघायचो. एके दिवशी न्हाणीघरात जाताना दिसलं, पहिलं फूल उमललंय. पांढरं, आत गुलाबीची जरा छटा. मी सगळ्यांना हाका मारल्या. आई काठी टेकत आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली. मग माझ्या बायकोला म्हणाली, "एक काढून दे गं माझ्या डोक्यात."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वडील गेल्यापासून तिने डोक्यात फूल घातलं नव्हतं. लग्नाकार्यात कुणी गजरा पुढे केला तरी हात मागे घ्यायची.

"काय बघताय? इकतचं हाय ना?"

"हो," मी म्हणालो.

बायकोने आईच्या पांढऱ्या, सुपारीएवढ्या अंबाड्यात आकड्याने ते फूल खोचलं. आई म्हणाली, "वास येतोय बघ."

मी वाकून हुंगलं. खोबरेल तेलाचा वास आला. फुलाला वास नव्हता. "मला नाही येत."

"नाय? मला तर येतोय."

आणि मग तिथेच, ओल्या फरशीवर पाट मांडून बसून, तिने आम्हाला ते सांगितलं. मला पन्नाशी आली तरी तोवर मला ते माहीत नव्हतं.

तिला पाठची एक बहीण होती. माघात घरची सगळी देवाला म्हणून वर जायची, तेव्हा राईत या पांढऱ्या फुलांचे झुबके उंच फांद्यांवर दिसायचे. पोरी माना मोडेस्तोवर वर बघत राहायच्या. त्या फुलांना हात लावायचा नाही, हे सांगावंही लागत नसे. एका वर्षी एक फूल खाली पाचोळ्यात पडलेलं तिला दिसलं. "पडल्यालं व्हतं. मला वाटलं, देवानं टाकलं. म्हनून उचाललं." ते तिने धाकटीच्या वेणीत खोचलं. वाटेत म्हातारीने बघितलं, म्हणजे तिच्या आजीने. आजी काही बोलली नाही, नुसतं ते फूल काढून परत राईच्या कडेला ठेवून आली. पावसाळा लागायच्या आत धाकटीला ताप भरला आणि ती गेली.

"कुनी मला कायबी म्हनलं नाय," आई म्हणाली. "आज्जी बी नाय. पर ती माझ्याकडं बघायची."

बायकोने तिचा हात धरला. आईने तो सोडवून घेतला आणि डोक्यातल्या फुलाला चाचपून बघितलं.

"पर आता हे इकत मिळतंय म्हंजे देवाचं न्हवतंच ते. झेंडूसारखंच की. तिला ताप आला, ताप तर कुनालाबी येतो. त्या फुलानं न्हाई झालं. न्हाई ना रं?"

"नाही, आई. त्यानं कसं होईल?"

ते माझं मत होतं, आजही आहे. फुलाने ताप येत नाही. पण मी हे मत म्हणून सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं. इतक्या वर्षांत कुणीतरी ते सांगितलं असेलच. तिला पटलं ते नर्सरीमुळे. माझ्या खोट्यामुळे.

त्या दिवसानंतर आई बदलली. धाकट्या बहिणीचं नाव आमच्या घरात कधी निघालं नव्हतं. आता ते उठताबसता यायला लागलं. ती कशी चिंचा चोरायची, कशी बोबडी बोलायची, शेळीला कशी घाबरायची. आल्यागेल्याला आई न्हाणीघराकडे न्यायची आणि म्हणायची, "इकतचं हाय बरं का. नारायणगावचं." इतक्या अभिमानाने तो शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या आत उलटंच काही सुरू झालं. मी देव मानणारा माणूस नाही. दुकानात तसबीर आहे, तिला उदबत्ती लावतो, एवढंच. तरी त्या श्रावणात आईला खोकला झाला, अंग तापलं, तेव्हा मी डॉक्टरकडून तिला घरी आणून सोडलं आणि थेट त्या लाकडापुढे जाऊन उभा राहिलो. राईचं फूल तिच्या डोक्यात गेलं होतं. ज्या नियमासाठी ती आयुष्यभर जळली, तो तिने पुन्हा मोडला होता, तिला न कळता, माझ्या शब्दावर. पडलेली फांदी मी उचलली, पडलेलं फूल तिने उचललं होतं. दोघांनी देवाला एकाच पळवाटेने फसवलं होतं. झाडाची पानं त्या दिवसांत हिरवीगार, तकतकीत होती. आईचा ताप दोन गोळ्यांनी उतरला. माझी भीती मात्र गेली नाही. ती खोकली की मी उठायचो. ती जरा जास्त वेळ गप्प बसली की मी पडवीत डोकावायचो. आणि ती मला बघून हसायची, तिच्या त्या हलक्या झालेल्या चेहऱ्याने, आणि ते मला सहन व्हायचं नाही.

गेल्या पौषात ती म्हणाली, "मला त्या नर्सरीत घिऊन चल. अजून एक घिऊ. तिच्या नावानं."

मी टाळत राहिलो. गाडी दुरुस्तीला आहे, दुकानात माल यायचाय. शेवटी बायको म्हणाली, "अहो, एवढंसं मागतायत त्या. न्या की." बायकोलाही मी खरं सांगितलेलं नव्हतं.

नारायणगावच्या त्या नर्सरीत मी पूर्वी आंब्याची कलमं घ्यायला गेलो होतो. नर्सरीवाले जुन्नरचे, वयस्कर, सगळे त्यांना चाचा म्हणतात. आई काठी टेकत थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "ते लाकडावरचं फूल हाय ना तुमच्याकडं, पांढरं? माझ्या लेकानं नेलंय बघा तुमच्याकडनं. अजून एक द्या."

चाचांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी काहीच खूण केली नाही. करायला हातच उचलला नाही. माझ्या तोंडावर जे काही असेल ते त्यांनी वाचलं.

"अरे अरे, आजी," ते म्हणाले, "उशीर केलात. लाकडावरचं ते पांढरं ना? लई नाजूक काम. कधीमधी येतंय, आलं की लगेच खपतंय. तुमच्या लेकाचं नशीब म्हणून त्याला मिळालं."

"परत आलं तर ठिवाल?"

"तुमच्यासाठी नाही ठेवणार तर कुणासाठी? तवर हा गुलाब घेऊन जा. हा पण लाडाचा आहे."

मी गुलाबाचे पैसे द्यायला लागलो तेव्हा त्यांनी माझा हात मागे सारला आणि हळू आवाजात म्हणाले, "आजी खूश आहे ना? बस झालं. जावा आता."

मी ते ऐकायला हवं होतं.

परतीच्या वाटेवर मंचरच्या अलीकडे रसवंतीवर थांबलो. गुलाबाची पिशवी आईच्या मांडीवर होती. तिने रसाचा पेला दोन्ही हातांत धरला होता आणि ती बोलत होती. नवीन झाड आलं की ते कुठे टांगायचं, धाकटीला काय काय आवडायचं. लबाडी पचली होती. एका परक्या माणसाने ती आपल्या अंगावर घेऊन पुरी केली होती. मला आता कुणीही काही विचारणार नव्हतं. आणि नेमकं तेच मला पेलवेना. तिच्या आनंदाखाली माझं खोटं आहे, हे एकट्याने सांभाळायचं, ती असेपर्यंत, आणि ती गेल्यावरही.

"आई," मी म्हणालो, "ते झाड विकतचं नाही. आहुप्याच्या राईतलं आहे. पडलेल्या फांदीवरचं. मी उचलून आणलं."

तिने पेला खाली ठेवला. चरकाचा आवाज चालू होता, म्हणून मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगणार होतो.

"त्या दिशी मी इचारलं, कुठलं रं, तवा नाय सांगितलंस," ती म्हणाली. "आज कुनी इचारलं व्हतं?"

मी खिशातून रसाचे पैसे काढून मोजायला लागलो.

"तुला हलकं वाटलं का आता?"

मी खोटं बोलायला हवं होतं. पण मी खाली मान घालून म्हणालो, "हो."

"बरं झालं," ती म्हणाली. तिने पदराने तोंड पुसलं. "चल घरी."

गाडी अंगणात थांबली तेव्हा मी म्हणालो, "परत नेऊन ठेवू का ते? उद्याच जातो."

"नेऊन काय करशील? फांदी झाडाला परत चिकटती व्हय?"

गुलाब तिने माझ्या बायकोच्या हातात दिला आणि आत गेली. दुसऱ्या दिवसापासून ती न्हाणीघराकडे उन्हाला बसायची थांबली. आता ती पुढच्या अंगणात बसते, रस्त्याकडे तोंड करून. तिने मला एकदाही बोल लावला नाही. जेवायला वाढलं की जेवते, गोळ्या दिल्या की घेते. धाकटीचं नाव मात्र घरात निघायचं बंद झालं. मला आता कळतं, तिची आजी तिच्याकडे कशी बघत असेल, आणि न बोलणाऱ्या माणसाच्या नजरेखाली जगणं म्हणजे काय असतं. तिची नजर कडवी नाही. त्यापेक्षा वाईट आहे. ती माझ्याकडे बघते तेव्हा तिला माझी दया येत असावी.

झाडाला यातलं काही ठाऊक नाही. लाकूड आता आतून भुसभुशीत झालंय. नव्या लाकडावर काड्या बांधायला हव्यात, पण मुळं सालीत इतकी रुतलीत की सोडवताना तुटतील. मी सुरी घेऊन जातो आणि तसाच परत येतो.

आज सकाळी फुलं उमलली. गेल्या खेपेपेक्षा जास्त. मी कुणाला हाक मारली नाही. नुसता उभा होतो. पण नळ बंद केल्याचा आवाज आला असेल आणि त्यानंतर बराच वेळ मी आत गेलो नाही, एवढ्यावरून तिने ओळखलं. पडवीतून आवाज आला.

"फुललं का?"

"हो, आई."

मग ती म्हणाली, "वास येतोय?"

मी वाकलो. ओल्या लाकडाचा वास होता, साबणाचा होता. फुलाला वास नव्हता. आत ती वाट बघत होती. या वेळी मला नीट कळलं होतं काय बोलायला हवं ते.

"येतोय," मी म्हणालो. "छान येतोय."

"खोटं नको बोलू," आई म्हणाली. "त्याला वास नसतो."